ऑफशोअर तेल कंपन्यांना ट्रान्सपोर्ट हेलिकॉप्टर विकायचंय? नवीन लोकांसाठी पायरीपायरीने

हेलिकॉप्टर बनवणाऱ्या किंवा लीझवर देणाऱ्या कंपनीत सेल्सला नवीन लागलेल्यांसाठी हे लिहितेय. बरेच जण मिलिटरी किंवा व्हीआयपी सेल्समधून इकडे येतात, टॉप स्पीड तोंडपाठ असतो, ब्रोशर छान छापलेलं असतं, आणि पहिल्याच मीटिंगला तेल कंपनीचा एव्हिएशन अ‍ॅडव्हायझर विचारतो की ३५ डिग्रीला समुद्रातल्या अमुक प्लॅटफॉर्मला जाऊन डेकवर (म्हणजे तिथल्या हेलिकॉप्टर उतरायच्या जागेवर) इंधन न भरता परत येताना किती माणसं आणाल, आणि मग सगळे एकमेकांकडे बघतात. मी या कामात बरीच वर्षं आहे, टेंडर जिंकलेली पण बघितलीत आणि हातातून गेलेली पण, त्यातून जे कळलं ते क्रमाने सांगते. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लक्षात घ्या, इथे पैसे एक जण देतो, पसंती दुसरा देतो, आणि नको म्हणायची ताकद तिसऱ्याकडे असते, जो त्यात बसून ड्युटीवर जातो. या तिसऱ्याला विसरून केलेलं मार्केटिंग या धंद्यात टिकलेलं मी तरी बघितलं नाही.

१. पैसे कोणाचे, पसंती कोणाची, हे आधी कागदावर काढा

तेल कंपनी सहसा हेलिकॉप्टर स्वतः विकत घेत नाही. ती टेंडर काढते, त्यावर ऑपरेटर बोली लावतात (ब्रिस्टो, सीएचसी, पीएचआय, एनएचव्ही, ओम्नी ही त्यातली मोठी नावं), आणि ऑपरेटरसुद्धा बऱ्याचदा लीझिंग कंपनीकडून मशीन घेतो. म्हणजे चेक फाडणारा वेगळा, उडवणारा वेगळा आणि ज्याच्यासाठी उडतंय तो वेगळाच. अपवाद असतात, नॉर्वेच्या इक्विनॉर या तेल कंपनीने २०२४ मध्ये बेल ५२५ ची १० हेलिकॉप्टरं थेट स्वतःच घ्यायचा करार केला, पण नेहमीचा रस्ता वर सांगितला तोच.

यातल्या प्रत्येकाला वेगळी भीती असते आणि तुमचं प्रेझेंटेशन त्या त्या भीतीवर बोललं पाहिजे. लीझिंगवाल्याला काळजी असते की पाच वर्षांनी कॉन्ट्रॅक्ट संपलं तर हे मशीन दुसऱ्या देशात, दुसऱ्या कामाला लागेल का. ऑपरेटरला काळजी तासाच्या खर्चाची, गिअरबॉक्स वेळेवर मिळण्याची आणि पायलट ट्रेनिंगची. तेल कंपनीच्या एव्हिएशन अ‍ॅडव्हायझरला उद्या काही झालं तर आपण या मशीनला होकार का दिला हे लेखी दाखवता आलं पाहिजे, आणि हा माणूस बहुतेक वेळा स्वतः जुना पायलट किंवा इंजिनिअर असतो, त्याला गुळगुळीत भाषा अजिबात चालत नाही.

आणि सुरुवातीला सांगितलेला तो नको म्हणणारा, म्हणजे प्लॅटफॉर्मवर जाणारा कामगार. २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत टुरॉयजवळ एच२२५ हेलिकॉप्टरचा मेन रोटर हवेतच सुटला आणि १३ जण गेले. गिअरबॉक्समधल्या एका प्लॅनेट गिअरला फटीग क्रॅक (सततच्या ताणाने पडणारी चीर) गेली होती. युरोपची हवाई सुरक्षा यंत्रणा ईआसाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या मशीनच्या उड्डाणावरची बंदी उठवली, ब्रिटन आणि नॉर्वेने जुलै २०१७ मध्ये उठवली, म्हणजे कागदावर मशीन परत उडायला मोकळं झालं. पण नॉर्थ सीवर माणसं नेण्याच्या कामात ते परत आलंच नाही, कारण कामगारांनी आम्ही यात बसणार नाही असं ठामपणे सांगितलं आणि तेल कंपन्यांनी ते ऐकलं. रेग्युलेटरचा होकार मिळाला म्हणजे काम झालं असं मानणाऱ्यांनी ही घटना नीट वाचावी, अगदी तपास अहवालासकट.

२. कुठल्या समुद्रासाठी विकताय ते ठरवा

सगळीकडे एकच मशीन चालत नाही. नॉर्थ सीमध्ये अंतर लांब, पाणी थंड, हवा खराब, बर्फ धरतो. मेक्सिकोच्या आखातात किनाऱ्याजवळ छोटे छोटे डेक खूप, तिथे लहान हेलिकॉप्टरं वर्षानुवर्षं चाललीत, पण खोल पाण्यातल्या प्लॅटफॉर्मना मोठंच लागतं. ब्राझीलच्या प्री-सॉल्ट फील्ड (समुद्रतळाखालच्या मिठाच्या थराखाली असलेले तेलसाठे) किनाऱ्यापासून २००-३०० किलोमीटर. पश्चिम आफ्रिकेत उकाडा, आणि उकाड्यात इंजिनची पॉवर आणि रोटरची लिफ्ट दोन्ही कमी होतात.

ढोबळ वर्ग असे पडतात: मीडियममध्ये एडब्ल्यू१३९ आणि जुनं सिकॉर्स्की एस-७६, सुपर मीडियममध्ये एच१७५, एडब्ल्यू१८९ आणि बेल ५२५, हेवीमध्ये एस-९२ आणि आधी एच२२५. तुमचं मशीन ज्या वर्गात आहे त्याच्या वरच्या वर्गाची कामं कमी खर्चात करू शकतं का, हा प्रश्न गेली काही वर्षं सगळ्यात जास्त विचारला जातो, सुपर मीडियम हा वर्गच त्यातून वाढलाय.

मोठ्या मशीनमध्ये १९ सीट्स का असतात असं नवीन लोक विचारतात. १९ च्या वर पॅसेंजर सीट्स गेल्या की केबिन क्रू लागतो, मग वजन वाढतं, खर्च वाढतो, सगळं गणित बदलतं, म्हणून ऑफशोअरला १९ ही जवळजवळ भिंतच झालीय.

वेळ पण बघा. २०१४ च्या मध्यात तेल १०० डॉलरच्या वर होतं आणि जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आलं, त्या पडझडीत सीएचसी २०१६ मध्ये, वेपॉइंट लीझिंग २०१८ मध्ये, पीएचआय आणि ब्रिस्टो २०१९ मध्ये दिवाळखोरी संरक्षणात गेले. त्या काळात पार्किंगमध्ये उभी असलेली जवळजवळ नवी हेलिकॉप्टरं स्वस्तात मिळत होती, तेव्हा फॅक्टरीतून नवीन घ्या म्हणून सांगायला गेलात तर कोण ऐकणार. म्हणून ऑर्डर मागायच्या आधी त्या वर्गातली किती मशीन रिकामी उभी आहेत ते शोधा.

३. पेलोडचं (म्हणजे नेता येणाऱ्या वजनाचं) गणित स्वतःच्या हाताने करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. ब्रोशरमधली रेंज बहुतेक वेळा थंड हवेत, वारा नसताना, ऑफशोअरचं सामान न लावता, रिझर्व्ह (राखीव इंधन) न धरता काढलेली असते. क्लायंटला हवं असतं ते म्हणजे त्याच्या बेसवरून त्याच्या डेकला, त्याच्या उन्हाळ्यात, समोरून वारा असताना किती माणसं जातात आणि किती परत येतात.

एक काल्पनिक मशीन घेऊ, आकडे फक्त पद्धत समजायला. समजा टेकऑफचं कमाल वजन ८,००० किलो. ऑफशोअरचं सगळं सामान (पाण्यावर तरंगायला फुगणारे फ्लोट, लाइफराफ्ट म्हणजे फुगवायची बचावनौका, जादा टाकी, सीट्स) आणि दोन पायलट धरून वजन ५,२०० किलो. उरले २,८०० किलो, यात इंधन आणि माणसं. अंतर १५० नॉटिकल मैल, वेग १५० नॉट (म्हणजे तासाला १५० नॉटिकल मैल), इंधन तासाला ४०० किलो. जाताना समोरून २० नॉट वारा असेल तर जायला सुमारे १ तास ९ मिनिटं, यायला ५३ मिनिटं, दोन्ही मिळून जवळपास ८१५ किलो इंधन. अर्ध्या तासाचा रिझर्व्ह २०० किलो, दहा टक्के जादा म्हणून ८० किलो, टॅक्सी आणि डेकवरच्या अ‍ॅप्रोचसाठी ६० किलो, किनाऱ्यावर दुसऱ्या विमानतळाला जायची वेळ आली तर ८० किलो. एकूण १,२३५ किलो. मग माणसांसाठी उरले १,५६५ किलो. सर्व्हायव्हल सूट (समुद्रात पडलं तर जीव वाचवणारा पोशाख) आणि बॅगेसकट माणूस ११० किलोचा धरला तर १४ जण.

ब्रोशरवर १६ सीट्स लिहिलेल्या असतात. आता गरम दिवस घ्या, त्या दिवशी एक इंजिन बंद पडलं तरी सुखरूप राहता यावं म्हणून टेकऑफ वजन समजा ३०० किलोने खाली आणावं लागलं, तर उरतात १,२६५ किलो, म्हणजे ११ जण. १६ चे ११ झाले. हे क्लायंटला तुम्ही आधी सांगितलं तर त्याचा तुमच्यावर विश्वास बसतो, आणि त्याने स्वतः शोधून काढलं तर पुढचं एकही पान तो नीट वाचणार नाही.

हा एक इंजिन बंद पडण्याचा भाग समजून घ्यायला पीसी१, पीसी२ आणि पीसी२ई हे परफॉर्मन्स क्लास आणि कॅटेगरी ए म्हणजे काय ते तुमच्या फ्लाइट टेस्टवाल्यांकडून शिकून घ्या. अर्धा दिवस लागतो. डेकवरून उडताना इंजिन गेलं तर डेकची कडा चुकवता येते का, आणि खाली समुद्राला न टेकता वेग पकडता येतो का, या दोन प्रश्नांभोवती सगळं फिरतं.

इथे नेहमी होणाऱ्या चुका:
- डेकवर इंधन मिळेल असं गृहीत धरणं. बऱ्याच डेकवर मिळत नाही, जिथे मिळतं तिथे पण खराब निघालं तर परतीचं काय, म्हणून कंपन्या जाऊन येऊन पुरेल एवढं इंधन मागतात.
- रिकामं वजन फॅक्टरीचं सांगणं. ऑफशोअर किटसकट, वजनकाट्यावर तोललेलं सांगा.
- माणसाचं वजन कमी धरणं. प्रत्येक कंपनीचा स्वतःचा आकडा असतो, तो मागून घ्या.

४. डेकवर मावतं का ते बघा

प्रत्येक हेलिडेकला दोन मर्यादा असतात, डी-व्हॅल्यू म्हणजे रोटर फिरत असताना हेलिकॉप्टरची सगळ्यात जास्त लांबी, आणि टी-व्हॅल्यू म्हणजे किती टन वजन पेलतो. या डेकच्या कडेवर आणि आत रंगवलेल्या असतात. ब्रिटनच्या सीएएचं (नागरी हवाई वाहतुकीचा नियामक) सीएपी ४३७ हे या विषयाचं जगभर वापरलं जाणारं दस्तऐवज आहे, ते डाउनलोड करून ठेवा. त्यातल्या आकड्यांप्रमाणे एस-९२ चा डी-व्हॅल्यू २०.८८ मीटर आणि टी-व्हॅल्यू १२.६ टन, तर एडब्ल्यू१३९ चा १६.६३ मीटर आणि ६.८ टन. म्हणजे एस-९२ साठी बांधलेल्या डेकवर एडब्ल्यू१३९ जाईल, उलटं नाही.

क्लायंटकडे डेकची यादी मागा, प्रत्येकाचा डी आणि टी, आणि तो हलणारा आहे की स्थिर. एफपीएसओ (तेल काढून साठवणारं तरंगतं जहाज) किंवा ड्रिलशिपचा डेक लाटांवर हलतो, तिथे पिच, रोल आणि हीव्हच्या (पुढे-मागे झुकणं, बाजूला कलणं, वर-खाली होणं) मर्यादा लागतात आणि मोठ्या मशीनला त्या अनेकदा कडक असतात. यादीतले किती डेक तुमच्या मशीनला चालतात, किती वजन कमी करून चालतात, किती अजिबात नाही, असा एक तक्ता करा. तो तक्ता मीटिंगला नेला की निम्मं काम होतं, हे मी अगदी मनापासून सांगतेय. यादी बघून जर कळलं की त्यांच्या निम्म्या डेकवर तुम्ही उतरूच शकत नाही, तर ते टेंडर सोडून द्या आणि त्यांना तसं कळवा, पुढच्या वेळी तेच तुम्हाला फोन करतात.

५. सेफ्टीची फाइल, आणि दाव्यांची शिस्त

तेल कंपन्यांची जागतिक संघटना आयओजीपी, तिचा रिपोर्ट ६९० हा ऑफशोअर हेलिकॉप्टरसाठीच्या शिफारशींचा, आणि बहुतेक टेंडरमध्ये तोच आधार असतो. हेलीऑफशोअर ही २०१४ मध्ये पाच मोठ्या ऑपरेटर्सनी मिळून सुरू केलेली सेफ्टी संघटना, तिच्या कामात निर्मात्यांनी पण भाग घ्यायचा असतो. युरोपमध्ये जुलै २०१८ पासून ऑफशोअर उड्डाणांसाठी वेगळी मान्यता लागते, तिला होफो म्हणतात. या तिन्हींच्या प्रत्येक कलमासमोर तुमचं मशीन कुठे बसतं ते लिहिलेला कम्प्लायन्स मॅट्रिक्स तयार ठेवा. जिथे बसत नाही तिथे "नाही" लिहा आणि कधी बसेल ते लिहा.

मशीनवर काय काय लागतं त्याची मुख्य यादी:
- सी स्टेट ६ ला (खूप खवळलेल्या समुद्रात) चालणारे फ्लोट, आपोआप फुगणारे
- बाहेरून सोडता येणारे लाइफराफ्ट
- ढकलून उघडणाऱ्या खिडक्या आणि पाण्याखाली दिसणारे एक्झिट लाइट
- हम्स, म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्टच्या कंपनांवर सतत नजर ठेवणारी यंत्रणा
- आपोआप सुटणारा इमर्जन्सी लोकेटर
- ट्रॅफिक आणि टेरेनचे इशारे देणाऱ्या यंत्रणा
- चार अ‍ॅक्सिसचा ऑटोपायलट, आणि जमल्यास रिगला जायचा ऑटोमॅटिक अ‍ॅप्रोच

यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या अपघातातून आलीय. ६ नोव्हेंबर १९८६ ला स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांजवळ चिनूक हेलिकॉप्टर पडलं, ४७ पैकी ४५ जण गेले, पुढच्या ट्रान्समिशनमधला गिअर तुटला होता. ४४ सीट्सचं ते मशीन दूरच्या फील्डसाठी मोठ्या अपेक्षेने आणलेलं होतं, त्या अपघातानंतर नॉर्थ सीवर माणसं न्यायला चिनूक परत वापरलं गेलं नाही, आणि हम्सच्या कामाला जोर आला तो त्यानंतर. ऑगस्ट २०१३ मध्ये शेटलंडमधल्याच सम्बरोजवळ सुपर प्युमा हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, चार जण गेले, त्यानंतर फेब्रुवारी २०१४ च्या सीएएच्या सीएपी ११४५ अहवालातून खिडकीजवळच्या सीट्सचे आणि श्वासाच्या उपकरणांचे नियम आले. खांद्याची रुंदी २२ इंच किंवा जास्त असेल तर त्या माणसाला मोठ्या खिडकीजवळच बसवायचं, हा नियम ब्रिटनमध्ये एप्रिल २०१५ पासून आहे. तुमच्या केबिनमध्ये अशा किती सीट्स आहेत ते टेंडरवाले विचारतातच.

आता दाव्यांबद्दल. १२ मार्च २००९ ला कॅनडात न्यूफाउंडलंडजवळ कूगर या ऑपरेटरच्या एस-९२ च्या गिअरबॉक्समधलं तेल गेलं. तेलाच्या फिल्टरचं भांडं धरून ठेवणारे टायटॅनियमचे स्टड (बोल्टसारखे दांडे) तुटले होते. १८ पैकी १७ जण गेले. कॅनडाच्या तपासात पुढे आलं की सर्टिफिकेशनच्या वेळी गिअरबॉक्स तेलाशिवाय ३० मिनिटं चालायच्या चाचणीत टिकला नव्हता, नंतर तेल पूर्ण जाणं हे अत्यंत दुर्मिळ आहे असं दाखवून नियमातल्या वेगळ्या तरतुदीखाली मान्यता घेतली गेली. आणि उद्योगात बऱ्याच जणांचा समज मात्र ३० मिनिटं चालतं असाच होता. हा समज स्लाइडवरून पसरतो, बोलण्यातून पसरतो, आणि शेवटी कॉकपिटपर्यंत पोहोचतो. म्हणून माझा साधा नियम, फ्लाइट मॅन्युअल किंवा सर्टिफिकेशनच्या कागदात नसलेला एकही आकडा प्रेझेंटेशनमध्ये ठेवायचा नाही. गिअरबॉक्स तेलाशिवाय किती मिनिटं चालतो असं विचारलं तर कुठल्या चाचणीत, कुठल्या वेगाला, कुठल्या वजनाला, हे सगळं सांगायचं. वरिष्ठांनी जोर केला तरी यात मागे हटू नका, त्या आकड्यावर माणसं जगतात.

६. ही कागदपत्रं बॅगेत तयार ठेवा

- टाइप सर्टिफिकेट (हे मॉडेल उडायला योग्य असल्याचं नियामकाचं प्रमाणपत्र) आणि त्याची डेटा शीट, आणि कुठल्या कुठल्या देशांनी मान्य केलंय त्याची यादी
- फ्लाइट मॅन्युअल आणि त्यातल्या ऑफशोअर सप्लिमेंट
- वेगवेगळ्या तापमानांचे पेलोड-रेंज तक्ते, गृहीतकांसकट
- ऑफशोअर किटची यादी, प्रत्येकाचं वजन आणि पार्ट नंबर
- डी-व्हॅल्यू, टी-व्हॅल्यू आणि चाकांच्या अंतराचं ड्रॉइंग
- कम्प्लायन्स मॅट्रिक्स
- मेंटेनन्स प्रोग्राम, गिअरबॉक्स आणि ब्लेडच्या ओव्हरहॉलच्या मुदती
- सिम्युलेटर कुठे आहे आणि त्यावर जागा कधी मिळते
- डिलिव्हरी स्लॉट
- निर्यात परवान्याची स्थिती

दुसऱ्या देशाची मान्यता येतेय, कागद पाठवलेत, असं सांगून टेंडरला जाऊ नका. मान्यता नसेल तर बहुतेक ठिकाणी पहिल्याच छाननीत बाहेर.

७. खर्च बोलताना

तासाचा खर्च हा आकडा एकटा काही सांगत नाही. ऑफशोअर कॉन्ट्रॅक्टमध्ये साधारण एक ठरलेला मासिक चार्ज आणि वर उड्डाण तासाचा दर असतो, म्हणून ऑपरेटरसाठी मशीन किती दिवस तयार उभं होतं हेच उत्पन्न ठरवतं. त्याला पर सीट-मैल खर्च दाखवा, पण पायरी ३ मधल्या खऱ्या सीट्स धरून, ब्रोशरच्या सीट्स धरून नको.

सुट्या भागांचं सांगताना जपून. अलीकडच्या वर्षांत एस-९२ च्या भागांची, विशेषतः मेन गिअरबॉक्सची टंचाई झाली आणि चांगली मशीन जमिनीवर उभी राहिली, त्यामुळे आता प्रत्येक ऑपरेटर विचारतो की गिअरबॉक्स पूल (बदली गिअरबॉक्सचा साठा) किती मोठा आहे, कुठे ठेवलाय, किती दिवसांत येतो. पॉवर बाय द अवरचं (उड्डाणाच्या तासामागे ठरलेल्या रकमेत देखभाल) पॅकेज विकायला बरं असतं, पण त्यात काय धरलेलं नाही ते पहिल्या पानावर लिहा. समुद्राच्या खाऱ्या हवेने होणारा गंज बहुतेक पॅकेजमध्ये वगळलेला असतो आणि ऑफशोअरला गंज हाच रोजचा शत्रू. भाग उशिरा आला तर कंपनी काय देणार, हे पण लिहून द्यायची तयारी ठेवा.

८. डेमो कोणाला द्यायचा

डायरेक्टर लोकांना खिडकीतून समुद्र दाखवून आणायचा हा डेमो काही कामाचा नाही. बोलवायचं ते लाइन इंजिनिअरला, बेसच्या पायलटला, डेक क्रूला आणि कामगारांच्या सुरक्षा प्रतिनिधीला. नॉर्वेत तर सुरक्षा प्रतिनिधीला धोकादायक काम थांबवायचा कायदेशीर हक्कच आहे.

इंजिनिअरला काउलिंग (इंजिनवरचं झाकण) उघडायला सांगा, फिल्टर बदलायला हात कुठपर्यंत जातो, शिडी लागते का ते त्यालाच बघू द्या. प्रवाशांना सर्व्हायव्हल सूट, लाइफजॅकेट आणि श्वासाचं उपकरण घालून बसवा, सगळ्या सीट्स भरून, आणि मग पट्टा लावायला सांगा. गुडघे समोरच्याला लागतात का, खिडकी ढकलायचा पट्टा डोळे मिटून सापडतो का, हेडसेट लावल्यावर ब्रीफिंग ऐकू येतं का. रिकाम्या केबिनमध्ये साध्या कपड्यात बसून यातलं काहीच कळत नाही. आमच्याकडे एका डेमोत कामगारांनी सांगितलं की बॅगेची फळी उंच आहे आणि रोटर फिरत असताना डेक क्रूला ती वाऱ्यात धरवत नाही, ही गोष्ट डिझाइनवाल्यांपैकी कोणाच्याच डोक्यात आली नव्हती आणि पुढे तो भाग बदलला गेला. लोकांनी सांगितलेलं बदललं की तीच माणसं बेसवर जाऊन बाकीच्यांना सांगतात.

९. राजकारणाच्या जोरावर विकू नका

एकच उदाहरण देते. १९८० च्या दशकात वेस्टलँड ३० हे हेलिकॉप्टर पवन हंसला विकलं गेलं, ओएनजीसीच्या ऑफशोअर कामासाठी, २१ नग, आणि पैसा ब्रिटिश मदतीतून, सुमारे ६.५ कोटी पौंड. तांत्रिक शंका आधीच होत्या पण सरकारांमधल्या बोलण्यात व्यवहार पुढे गेला. १९९१ पर्यंत सगळा ताफा जमिनीवर आला, त्याआधी दोन अपघात पण झाले, आणि पुढे ती हेलिकॉप्टरं कवडीमोलाने गेली. निर्मात्याचं त्या मशीनचं भविष्य पण तिथेच संपलं. एक्स्पोर्ट क्रेडिट, सरकारी कर्ज, ऑफसेट (खरेदीच्या बदल्यात ग्राहक देशाला काम देणं) हे सगळं व्यवहाराला मदत म्हणून ठीक आहे, पण पायरी ३ आणि ४ मध्ये जे मशीन बसत नाही ते कर्जाने बसत नाही.

१०. पहिला ग्राहक मिळाला की सगळी माणसं तिकडे पाठवा

नवीन मशीनला पहिल्या वर्षात अडचणी येणारच. सेन्सर खोटे इशारे देतात, सॉफ्टवेअर अडतं, एखादा पाइप गळतो. तुमचे इंजिनिअर बेसवरच राहिले पाहिजेत, रात्री मेंटेनन्सच्या वेळी सुद्धा. एच१७५ ची सुरुवात २०१४ च्या शेवटी एनएचव्हीपासून झाली, एडब्ल्यू१८९ पण त्याच वर्षी ब्रिस्टोकडे आलं, आणि दोन्हींचं नाव पुढे बाजारात कसं बोललं जाणार हे त्या पहिल्या ताफ्यांनी ठरवलं. बेल ५२५ चं पहिलं उड्डाण २०१५ ला, २०१६ मध्ये चाचणीत अपघात होऊन दोन पायलट गेले, आणि इक्विनॉरचा वर सांगितलेला करार आला २०२४ मध्ये. इतका धीर धरायची कंपनीची तयारी आहे का ते आधीच विचारून घ्या.

आणि अपघात किंवा डिचिंग (नाइलाजाने पाण्यावर उतरणं) झालं तर सेल्सने काय करायचं? विक्रीच्या सगळ्या जाहिराती त्या दिवशी थांबवायच्या. तपास चालू असताना कारणाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. पण जे माहीत आहे ते ऑपरेटरला, तेल कंपनीला आणि कामगारांच्या प्रतिनिधींना एकाच वेळी, एकाच भाषेत सांगायचं, तिघांना तीन वेगवेगळी पत्रं गेली की ती एकमेकांशेजारी ठेवली जातातच. २०१२ मध्ये ईसी२२५ ची (एच२२५ चंच आधीचं नाव) दोन डिचिंग झाली, मे आणि ऑक्टोबरमध्ये, सगळे वाचले, शाफ्टला क्रॅक होती. दुरुस्तीनंतर मशीन परत उडायला लागलं, पण २०१६ ला जे झालं तेव्हा लोकांच्या मनात आधीचं सगळं ताजं होतं.

११. टेंडर आल्यावर

टेंडरमध्ये प्रश्न विचारायची मुदत असते, ती वापरा. मासिक तास किती, पीकला एका दिवसात किती फेऱ्या, राखीव मशीन लागणार का, मशीनचं कमाल वय किती चालेल, रात्रीची उड्डाणं आहेत का, रुग्ण आणायचं स्ट्रेचर लागणार का, पॅसेंजरचं वजन किती धरायचं. स्ट्रेचरचा प्रश्न बरेच जण विसरतात आणि मग शेवटच्या आठवड्यात तीन सीट्स कमी होतात.

ऑपरेटर तुम्हाला विचारेल की हे आकडे मी बोलीत टाकू का. होय म्हणायच्या आधी परफॉर्मन्सचे आकडे फ्लाइट टेस्टकडून, भागांच्या मुदती सप्लायकडून आणि डिलिव्हरीची तारीख फॅक्टरीकडून, तिन्ही लेखी सहीसकट घ्या. एकाच मशीनवर दोन-तीन ऑपरेटर बोली लावत असतील तर सगळ्यांना एकच डेटा, एकाच दिवशी द्या, आणि कोणाला काय पाठवलं त्याची नोंद ठेवा. ज्या कलमात बसत नाही तिथे डिव्हिएशन शीट जोडा, पर्यायी उपाय आणि तारीख टाकून. निकाल विरोधात गेला तर महिनाभरात एव्हिएशन अ‍ॅडव्हायझरकडे भेट मागा आणि आम्ही कुठल्या कलमात कमी पडलो एवढंच विचारा. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात, आणि ती यादी थेट डिझाइन ऑफिसला द्या.